दशांश बेरजेत चुकतं ते मांडणीत

बेरीज सगळ्यांना येते. गणित बिघडतं ते लिहून घेताना. म्हणून आधी सगळी मापं एकाच एककात आणा. समजा, सव्वादोन किलो कांदे, पाऊण किलो टोमॅटो आणि ५० ग्रॅम आलं घेतलं, तर पिशवीचं वजन किती? सव्वादोन म्हणजे २.२५, पाऊण म्हणजे ०.७५. खरी मेख आल्यात आहे. ५० ग्रॅम म्हणजे ०.५ नव्हे, ०.०५०, कारण किलोत ग्रॅम हजार. ०.५ म्हणजे थेट अर्धा किलो आलं! रुपये-पैशांतही तेच: १२ रुपये ५ पैसे म्हणजे १२.०५.

आता दशांश चिन्हाखाली चिन्ह येईल असं लिहा, उजवीकडची रिकामी घरं शून्यांनी भरा:

२.२५०
+ ०.७५०
+ ०.०५०
= ३.०५०

शतांशाच्या घरात ५, ५, ५ मिळून १५, हातचा १. दशांशाच्या घरात २, ७ आणि हातचा १ मिळून १०; पुन्हा हातचा १. हा दुसरा हातचा चिन्ह ओलांडून एककात जातो, तिथेच बरेच जण अडखळतात.

ताळा तोंडीच होतो: सव्वादोन आणि पाऊण मिळून तीन, वर थोडं आलं. उत्तर ३.५ आलं, तर आल्याची ओळ तपासा. आणि पावणेदोन म्हणजे १.७५, २.७५ नाही.