माणसं वाचली, तरी गाडीसाठी रडू येतं

रस्ता-अपघातानंतर समुपदेशनाला येणारे बरेच जण पहिल्या भेटीत एक प्रश्न जरा ओशाळूनच विचारतात: "कुणाला फारसं लागलं नाही, देवाची कृपा. पण गाडी गेली याचंच वाईट वाटतंय. हे बरं लक्षण आहे का? आणि दुसरी गाडी घ्यायला हात धजत नाही, त्याचं काय करू?" अशाच एका केसमधून या प्रश्नाचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पुण्यात नोकरी करणारे, पंचेचाळिशीचे गृहस्थ. गाव कराडजवळ, तिथे आई एकटी असते. मुलीला सुट्टीसाठी आजीकडे सोडून नवरा-बायको परत निघाले होते. खंबाटकीचा बोगदा ओलांडून एस वळणाच्या उताराला लागले, तर पुढे वाहनांची रांग. हे थांबले, आणि मागून आलेला ट्रक थांबला नाही. साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्यांना तो उतार ठाऊक आहे. भरलेल्या ट्रकचे ब्रेक तिथे तापून दगा देतात. पत्नीच्या मानेला झटका बसला, यांच्या कपाळाला टाके पडले. गाडीची मात्र डिकी थेट मागच्या सीटच्या पाठीला येऊन चिकटली.

गाडी 2014 ची पांढरी वॅगन आर. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. वडील गेल्यावर हेच ती चालवत. घरी-दारी सगळे एकच म्हणत होते, "माणसं वाचली ना, लोखंडाचं काय एवढं!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण याचा परिणाम उलटा होतो. माणूस गप्प बसतो आणि मग रात्री दोन वाजता मोबाइलवर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या जुन्या गाड्या शोधत राहतो. हे गृहस्थ तेच करत होते.

वस्तूसाठी वाटणाऱ्या दुःखाला समाजात जागा नसते. ज्या दुःखाला चारचौघांत मान्यता मिळत नाही ते जास्त चिघळतं, हे केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये सविस्तर मांडलं. त्याआधी एक वर्ष रसेल बेल्क यांनी, रोजच्या वापरातल्या वस्तूंना माणूस स्वतःचाच भाग कसा धरतो, यावर लिहिलं होतं. तेव्हा गाडीसाठी रडू येणं हा काही आजार नव्हे. मात्र "गाडीचं वाईट वाटतं" या तीन शब्दांत काय काय कोंबलेलं आहे ते सोडवावं लागतं.

या केसमध्ये तीन धागे निघाले. पहिला वडिलांचा: ड्रायव्हरची सीट त्यांच्या उंचीप्रमाणे पुढे ओढलेली होती, आणि यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत असूनही ती कधी मागे सरकवली नव्हती. दुसरा पैशाचा: नव्या गाडीचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधं. तिसरा धागा दुसऱ्या भेटीत, अगदी निघता निघता बाहेर आला. "मॅडम, ती मागे बसलेली असती तर?" मुलीची, त्या दिवशी रिकामी असलेली सीट त्यांना रोज दिसत होती. घरी यावर चकार शब्द काढला नव्हता, कारण पत्नीलाही तेच दिसत असणार ही धास्ती.

पहिल्या धाग्याला निरोप हवा असतो, दुसऱ्याला आकडे, तिसऱ्याला उपचार. तिन्हींवर एकच उतारा म्हणून नवी गाडी घेतली की पंचाईत होते.

आकड्यांना आधी हात घातला, कारण त्यांना थांबायला वेळ नसतो. विमा कंपनीचे फोन चालू असतात, आणि मोडकी गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर जागेचं भाडं रोज चढतं. अशा वेळी रडत्या डोळ्यांनी फोनवर "हो, चालेल" म्हणून मोकळं होणारे पुष्कळ. त्यांच्या मेहुण्यांनी फोन घ्यायचे, लिहून ठेवायचे, आणि संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास दोघांनी बसून निर्णय घ्यायचे, असं ठरलं. दिवसभर मनात विमा नको.

त्यांचा हट्ट होता गाडी दुरुस्तच करायची. तो हट्ट समजुतीच्या गोष्टींनी सुटला नसता, हिशेबाने सुटला. पॉलिसीत गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, 1,85,000 रुपये होती. पाच वर्षांपुढच्या गाडीची ही किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाचवायला ती कमी लावून घेणाऱ्यांना इथे फटका बसतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, धरतात. इथे मर्यादा 1,38,750 आणि वर्कशॉपचा अंदाज 2,10,000. शिवाय दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर दुरुस्तीच्या क्लेममध्ये 50 टक्के घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, कापतात, प्लास्टिक-रबरावर तर गाडीच्या कोणत्याही वयात 50. म्हणजे दुरुस्तीचा रस्ता खुला असता तरी मोठा वाटा खिशातूनच गेला असता. टोटल लॉसमध्ये त्यांना 1,85,000 मधून सक्तीची 1,000 रुपयांची वजावट जाऊन 1,84,000 मिळणार होते. 1500 सीसीवरच्या गाडीला ही वजावट 2,000 असते. भंगार स्वतःकडे ठेवलं तर त्याची लागलेली बोली, इथे 45,000, वजा होऊन हातात 1,39,000.

दुसरी गोष्ट वर्कशॉपच्या फोरमनने दाखवली. अशा गाड्यांना वेगळी चेसिस नसते, सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा. मागची फ्लोअर दुमडली होती आणि धक्का खांबांपर्यंत पोचल्यामुळे मागचं दार चौकटीत बसत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, खाली पत्र्याला पत्रा घासतोय. खेचून, वेल्डिंग करून, रंग मारून गाडी दिसायला नवी झाली असती. पण एकदा चुरगळून ताकद खर्च केलेला पत्रा पुढच्या धडकेत तेवढा धक्का पेलत नाही. "मग मी मुलीला मागे बसवणार नाही," असं ते स्वतःच म्हणाले, आणि दुरुस्तीचा विषय संपला.

कागदपत्रांत एक गोष्ट त्यांनी आधीच बरोबर केली होती, म्हणून क्लेम अडकला नाही. वडील गेल्यावर फॉर्म 31 भरून गाडी, आणि मग पॉलिसीही, स्वतःच्या नावावर करून घेतली होती. मालक वारल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. "बाबांच्याच नावावर राहू दे" म्हणून आठवण जपणारी घरं आहेत. अपघात झाला की त्यांचा क्लेम लटकतो. ही माया महागात पडते.

भंगार उचलायला आलेल्या माणसाने कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे मालकी बदलायच्या अर्जांवर, सह्या मागितल्या. ते करू नये. मोडक्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर वापरून चोरीच्या गाडीला ओळख देण्याचा धंदा चालतो. गाडी कागदावर तुमचीच राहिली तर पुढच्या अपघाताची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची. राहिलेली ई-चलनं आधी भरावी लागतात. फास्टॅग बँकेला सांगून बंद करायचा आणि काचेवरून खरवडून काढायचा.

आता निरोप. भंगार जायच्या आधी एकदा गाडीपाशी जाऊन यायचं, एकटं नाही, आणि सकाळच्या वेळी. संध्याकाळी गेलं की ते चित्र घेऊन माणूस थेट झोपायला जातो. पत्नी म्हणाली, "अहो, मी येते." किती वेळ थांबायचं आणि काय काय घ्यायचं याची चिठ्ठी आधी लिहिली होती: कागद, जॅक आणि पाना, डॅशबोर्डवरचा गणपती, ग्लोव्ह बॉक्समधला वडिलांचा चष्मा. प्रत्यक्षात त्यांना घेरलं ते चिठ्ठीत नसलेल्या गोष्टीने. आईने दिलेली गुळाची ढेप डिकीत फुटली होती, उन्हाने पाघळून मॅटवर पसरली होती, आणि तिथून मागच्या सीटपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तिथे ते पहिल्यांदा मोकळेपणी रडले, आणि मागच्या सीटचा विषय दोघांत पहिल्यांदा निघाला तोही तिथेच. अशा जागी बोलायला भाग पाडू नये. पण बोलणं आलं तर "जाऊ दे आता" म्हणून अडवूही नये.

वडिलांचं स्टिअरिंग कव्हर नव्या गाडीला घालायचा त्यांचा विचार होता. ते नको म्हटलं. गुळगुळीत झालेलं, मापाचं नसलेलं कव्हर वळणावर हातात फिरतं. तसंच जुने सीट कव्हर नव्या सीटवर चढवले आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर ती नीट उघडत नाही. आठवण म्हणून ड्रॉवरमध्ये मावेल अशी एखादी वस्तू ठेवावी. चष्मा ठेवला.

मुलीला घरच्यांनी "गाडी गॅरेजला आहे" असं सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला हे चार दिवस पुरतं. गाडी मोडली, दुरुस्त होणार नाही, आईबाबा बरे आहेत, दुसरी गाडी पाहताना तुला विचारू, एवढं खरं सांगितल्यावर तिने वर्कशॉपमधून आपले स्टिकर आणायला सांगितलं आणि खेळायला गेली. मुलांना लपवाछपवी जास्त घाबरवते.

भीतीला सगळ्यात जास्त वेळ लागला. अपघातानंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणं, हॉर्नने दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक असतं. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तीव्रता तशीच राहिली, दुःस्वप्नं थांबेनात, झोपेसाठी दारू लागायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं; आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारे उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारे उपचार) यासाठीच आहेत. ओळखीचं कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

यांची भीती आरशात होती. मागे ट्रक दिसला की हात घामाने ओले. मेहुण्यांच्या गाडीवर पायऱ्या ठरवल्या, प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा. बंद गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसणं, मग इंजिन चालू करून बसणं, सोसायटीला फेरी, पहाटेचा रिकामा रस्ता, शेजारी बसून हायवे, स्वतः चालवत हायवे, शेवटी खंबाटकी. नियम दोनच. भीती चढलेली असताना पायरी सोडून उतरायचं नाही, आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. चालत्या गाडीत फारच चढली तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन गाडीतच बसून राहायचं. आणि एक पायरी तीन वेळा तीनच्या खाली आल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. भीती शिगेला असताना पळ काढला की मेंदू समजतो, पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पळवतो.

गाडं अडलं ते काळजीपोटी लागलेल्या सवयींवर. दर दोन सेकंदांनी आरसा बघायचा, हायवेला चाळीसच्या वेगाने जायचं. चाळीसच्या गाडीमागे ट्रक गोळा होतात, म्हणजे ज्याची भीती तेच ओढवून घेणं. पत्नी शेजारी बसून मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून नसलेला ब्रेक मारायची आणि "हळू, हळू" म्हणायची. तिला एकच काम दिलं: बोलायचं झालं तर मुलीच्या शाळेबद्दल बोलायचं.

हायवेची पायरी जमल्यावर गाडी बघायला सुरुवात केली, त्याआधी शोरूमची पायरी चढायची नाही असं ठरलंच होतं. तीच जुनी, तशीच वॅगन आर शोधण्यात व्यवहाराचाही घोळ होता: 2014 च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2029 मध्ये संपते. शिवाय क्लच जरा वेगळा लागला तरी "ही ती नाही" हे रोज बोचतं. मॉडेल तेच चालेल, पण नवं घ्या आणि रंग वेगळा घ्या, असं सुचवलं. भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्यांच्या धडक-सुरक्षेच्या सरकारी चाचणीचे, तारे पाहिले, पण त्या चाचण्या समोरच्या आणि बाजूच्या धडकेच्या असतात. मागून बसणाऱ्या धक्क्यात मान वाचवतो तो हेडरेस्ट. त्याचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याला यावा आणि डोकं त्याच्या जवळ असावं. मागच्या सीटला वर-खाली होणारे हेडरेस्ट आणि मधल्या जागेलाही खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन-टोकी सीटबेल्ट, या अटीवर दोन गाड्या बाद झाल्या. नव्या पॉलिसीत रिटर्न टू इनव्हॉइसची जोड घेतली. नवी गाडी लवकरच टोटल लॉस झाली तर बिलाइतकी रक्कम मिळते.

गाडी निळी आली. सीट पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या उंचीला मागे सरकवली. दिवसा कराडहून पुण्याला येताना एस वळणावर आकडा सहापर्यंत चढतो आणि घाटाखालच्या, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडे तीनवर येतो. रात्रीचा हायवे ही पायरी अजून व्हायची आहे, आणि ती घाईने उरकायची नाही असं त्यांना सांगितलं आहे. रात्री निघायची वेळ आलीच तर सध्या एसटी.