'कॅट्स'च्या बॉलरूम अवतारात प्रेक्षक गाणं चालू असताना एवढा आरडाओरडा का करतात? हे नाटकाला शोभतं का?

न्यूयॉर्कच्या 'कॅट्स : द जेलिकल बॉल'च्या क्लिप्स पाहून तुम्ही विचारलंय की लोक मध्येच किंचाळतात, हातपंखे फटाफट उघडतात, उभे राहतात, हा कलाकारांचा अपमान नाही का; आणि पुढे हेही, की आता ते ब्रॉडवेवर आलंय तर आई-बाबांना घेऊन जावं का. मी ते 2024 च्या उन्हाळ्यात पाहिलं, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातल्या पेरेलमन सेंटरमध्ये. जर्सी सिटीहून पाथ गाडी थेट तिथेच उतरवते. त्यामुळे माझं सगळं सांगणं त्या प्रयोगाबद्दलचं आहे.

अपमान तर नाहीच, उलट तिथे प्रेक्षक गप्प बसले तर कलाकाराने घाबरावं. कारण यातलं 'बॉलरूम' म्हणजे कोट-गाऊन घालून जोडीने नाचायचा प्रकार नव्हे. हार्लेममधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, पारलिंगी लोकांनी उभी केलेली ही स्पर्धा आहे. क्रिस्टल लबेजा या कृष्णवर्णीय ड्रॅग कलावतीने 1967 च्या एका सौंदर्यस्पर्धेत परीक्षक गोऱ्यांच्या बाजूने झुकतात असं सगळ्यांसमोर सुनावलं, आणि पुढे सत्तरच्या दशकात 'हाउस ऑफ लबेजा' निघालं. मग अशी घराणी वाढत गेली. घरातून हाकललेली पोरं या घराण्यांत यायची. घराण्याला 'मदर' असते, 'फादर' असतो आणि नवीन आलेला त्यांचंच आडनाव लावतो. बॉलच्या, म्हणजे या स्पर्धेच्या, रात्री वेगवेगळ्या कॅटेगरीत 'वॉक' करायचं. आवडलं तर परीक्षक दहाचे फलक उचलतात, नाही तर 'चॉप', म्हणजे बाहेर. आणि परीक्षकांच्या आधी निकाल लावते ती गर्दी.

'व्होग' हा बॉलमधला नाच तर गर्दीशिवाय अर्धाच. त्या संगीतात दर चौथ्या ठोक्याला झांजेसारखा एक दणका येतो. नाचणारी व्यक्ती गिरक्या घेत घेत नेमकी त्या दणक्यावर पाय दुमडून पाठीवर आडवी होते. त्याला 'डिप' म्हणतात. तोच क्षण साधून अख्खं सभागृह एका स्वरात ओरडतं आणि पंखे उघडतात. चुकून अर्धा ठोका आधी ओरडलात तर शेजारचा तुमच्याकडे वळून पाहतो. आपल्या संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की कथानक तिथेच थांबायचं, ती जातकुळी समजा.

आता 'कॅट्स'कडे. हे मूळचं 1981 चं लंडनमधलं नाटक, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर आलं आणि 2000 पर्यंत चाललं, 7,485 प्रयोग. एवढं चाललं तरी त्याला हसणारेही तेवढेच, कारण त्यात गोष्टच नाही. मांजरं एकामागून एक येतात, आपापलं गाणं म्हणतात, आणि शेवटी त्यातल्या एकीला नवा जन्म मिळतो. 2019 च्या सिनेमाने तर उरलीसुरली अब्रू घालवली. या नव्या अवताराचे दिग्दर्शक झेलॉन लेव्हिंगस्टन आणि बिल राउश यांनी अंगावरचे केस आणि शेपट्या काढून टाकल्या आणि ते एकामागून एक येणं म्हणजे सरळ बॉलची स्पर्धा करून टाकली. नृत्यदिग्दर्शक ओमारी वाइल्स आणि आर्टुरो लायन्स हे बॉलमध्येच वाढलेले. मधोमध लांबलचक रॅम्प, दोन्ही बाजूंना आपण. आगगाडीवरचं मांजर इथे न्यूयॉर्कच्या सबवेचं कंडक्टर होऊन येतं, त्यावर स्थानिक लोकांचा हशा असा फुटला की दोन ओळी ऐकूच आल्या नाहीत. जी खोड चाळीस वर्षं या नाटकाला चिकटली होती तीच इथे उपयोगी पडली. स्पर्धेला वेगळी गोष्ट लागत नाही. कोण जिंकणार एवढं पुरतं.

क्लिप्समध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे प्रेक्षक एकसारखे नव्हते. एकीकडे लहानपणी शाळेच्या सहलीतून 'कॅट्स' पाहिलेली पन्नाशीची मंडळी, नीट इस्त्रीचे शर्ट. दुसरीकडे बॉलला जाणारी मुलं, नखांपासून बुटांपर्यंत नटलेली. पहिली पंधरा-वीस मिनिटं इस्त्रीवाले अंदाज घेत होते की टाळी कुठे द्यायची. मध्यंतरापर्यंत माझ्या पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ कार्यक्रमपत्रिकेची घडी करून तिचाच पंखा आपटत होते.

सगळ्यात मोठा फरक दिसला तो गस या म्हाताऱ्या नटमांजराच्या प्रवेशाला. ती भूमिका ज्युनियर लबेजा यांची. बॉलरूमवरच्या 1990 च्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटात निवेदकाचा जो आवाज ऐकू येतो तो यांचाच. अर्ध्या लोकांना समोर एक वयस्क नट दिसत होता. उरलेले त्यांनी तोंड उघडायच्या आत उभे राहिले होते, आणि माझ्या शेजारची मुलगी रडत होती. ऐंशीच्या दशकात 'कॅट्स' ब्रॉडवेवर तुफान चालत होतं, तेव्हा त्याच शहरात काही मैल उत्तरेला हार्लेममध्ये बॉल होत होते आणि त्यांतली माणसं एड्सने मरत होती. त्या पिढीतले जे थोडे उरलेत त्यांतलं एक माणूस आता 'कॅट्स'मध्येच गातंय. गाणं कसं झालं हे मला खरंच आठवत नाही.

ग्रिझाबेला ही सगळ्यांनी वाळीत टाकलेली, एकेकाळची देखणी मांजर. ज्याच्या मांजरांवरच्या कवितांवर हे नाटक बेतलंय त्या टी. एस. एलियटने तिच्यावरची कविता मुलांसाठी फार दुःखी म्हणून आपल्या पुस्तकातून वगळली होती; पुढे त्याच्या पत्नीने ती नाटकासाठी दिली. इथे ती भूमिका 'टेम्प्रेस' चॅसिटी मूर या बॉलरूममधल्याच पारलिंगी कलावतीने केली. ती रॅम्पवर आली तेव्हा इतका वेळ छत डोक्यावर घेतलेल्या लोकांतून एक पंखासुद्धा वाजला नाही. 'मेमरी' हे ग्रिझाबेलाचं गाणं मी आधी बऱ्याच जणींचं ऐकलंय, सुरांची सफाई याहून जास्त असलेलंही. पण वाळीत टाकणं म्हणजे काय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मग शेवटी जो कल्लोळ झाला तो टाळ्यांपेक्षा वेगळा होता. लोक तिला दहाचे दहा देत होते.

नाकं मुरडणारेही होते, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. एलियटचे शब्द गोंगाटात बुडतात, हे खरं. मूळ नृत्यावर प्रेम असलेल्यांना मूळ नृत्यदिग्दर्शिका जिलियन लिनची ती बॅलेची नजाकत इथे सापडत नाही, हेही खरं. मला खटकलं ते निराळंच: काही जण नाटकापेक्षा आपल्या ओरडण्याचीच हौस भागवायला आलेले वाटतात. पैसे मोजून तिकीट काढणाऱ्या गर्दीत हे वाढतच जाणार. बॉलमध्ये अशांना निवेदक माइकवरूनच गप्प करतो, नाटकात ती सोय मर्यादित.

आई-बाबांना खुशाल न्या. कपडे तोकडे आहेत, विनोद थोडे चावट आहेत, आवाज मोठा आहे. आईंना मोठ्या आवाजाचा त्रास असेल तर कानात घालायचे बोळे पर्समध्ये ठेवा. एलियटच्या कविता आधी वाचून जा, 1939 चं ते पुस्तक पातळ आहे, एका संध्याकाळीत होतं. मग शब्द बुडाले तरी अडत नाही. आणि बाबांना दाद द्यायची लहर आली तर त्यांना कोपराने ढोसू नका.