मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पुण्यातील मॅनेजमेंट कोट्याची जागा घ्यावी, की मराठवाड्यातच प्रवेश घ्यावा?

आपण लिहिले आहे की मुलीला सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, ८८ पर्सेंटाइल आहेत. गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहता नांदेडच्या एसजीजीएस या अभियांत्रिकी संस्थेत टेक्स्टाइलसारखी शाखा मिळू शकेल, छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी महाविद्यालयात कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, कॉम्प्युटर मिळण्याची आशा आहे, आणि पुण्यातील एका महाविद्यालयाने मॅनेजमेंट कोट्यातील कॉम्प्युटरची जागा ‘धरून ठेवण्यासाठी’ आगाऊ रक्कम मागितली आहे. जिंतूर तालुक्यात आपली चार एकर कोरडवाहू जमीन आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरेच आत आहे, प्रवर्ग एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) आहे, आणि एक एकर विकून पुणे गाठावे की नाही यावर घरात एकमत होत नाही.

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो, त्यामुळे या प्रश्नाची पैशाची बाजू रोज समोर येते. माझे मत असे की ‘सरकारी की खासगी’ हा वाद आपल्या बाबतीत दुय्यम आहे. खर्चाचा खरा निकाल लागतो तो प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात साधारणपणे ८० टक्के जागा कॅपमधून आणि २० टक्के संस्थास्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून, भरल्या जातात. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवीही तीच. परंतु शासनाची शुल्क सवलत पहिल्या मार्गाने आलेल्या मुलीला मिळते आणि दुसऱ्या मार्गाने आलेल्या मुलीला मिळत नाही.

ही सवलत आता लहान राहिलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले आहे. त्यापूर्वी ही सवलत निम्मी होती. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित अशा तिन्ही प्रकारच्या महाविद्यालयांना ती लागू आहे. मात्र मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश तिच्यातून वगळलेले आहेत, तसेच खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही वगळलेली आहेत. ही शेवटची अट बारकाईने पाहा, कारण अलीकडे काही जुनी, नावाजलेली खासगी महाविद्यालये स्वतःच विद्यापीठे झाली आहेत. पाटी पाहून लोक जुन्याच समजुतीने प्रवेश घेतात आणि महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरायला बसल्यावर त्यांना महाविद्यालयाचे नाव यादीत सापडत नाही.

आता पावतीविषयी. महाविद्यालयाच्या फीच्या पावतीवर एकच आकडा नसतो. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय वा प्रयोगशाळेची अनामत, आणि कुठे कुठे ‘इतर’ या नावाखाली बरेच काही असते. आपल्या मुलीला माफी मिळते ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि प्रवास घरातूनच जातात. खासगी महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते. त्या आकड्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला तर लेखी पावती मागा, कारण देणगी घेण्यास या राज्यात १९८७ पासून कायद्यानेच बंदी आहे.

समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. पुण्यात मॅनेजमेंट कोट्याची फी वर्षाला दीड लाख धरा आणि खोली, मेस, प्रवास मिळून ९० हजार. वर्षाचे दोन लाख ४० हजार, चार वर्षांचे नऊ लाख ६० हजार, आणि यातला एक पैसाही शासनाकडून परत येणार नाही. संभाजीनगरात कॅपमधून प्रवेश झाला आणि विकास शुल्क व इतर मिळून १५ हजार, राहणे-जेवण ७० हजार धरले, तर वर्षाचे ८५ हजार, चार वर्षांचे तीन लाख ४० हजार. एसजीजीएसमध्ये हा आकडा आणखी खाली येईल, कारण ती १९८१ पासूनची अनुदानित संस्था आहे आणि जिंतूरहून नांदेडचे अंतरही आवाक्यातले आहे. हे आकडे माझे अंदाज आहेत. आपण प्रत्यक्ष पावत्यांवरून ते बदलून घ्या, पण मांडणी हीच ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या हिशेबातील फरक सहा लाखांच्या वर जातो, आणि तो कशाबद्दल द्यायचा याचे उत्तर घरात कोणी देऊ शकत नसेल तर एक एकर विकण्याचा प्रश्नच उरत नाही.

आपली जमीन चार एकर, म्हणजे दोन हेक्टरच्या आत आहे. त्यामुळे अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालयातून काढून ठेवा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारकांच्या मुलांचा विचार होतो, आणि राहण्या-जेवणाचा काही भार त्यातून हलका होऊ शकतो. मात्र या पैशावर ऑगस्टची फी अवलंबून ठेवू नका. शिष्यवृत्ती आणि भत्ता हप्त्यांनी येतात व अनेकदा उशिरा येतात. आपल्याकडे तर प्रवेशाचे दिवस नेमके असे असतात की पेरणीत पैसा अडकलेला असतो आणि सोयाबीन दिवाळीशिवाय बाजारात जात नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर त्या दिवाळीचाही भरवसा राहिला नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा पहिल्या वर्षाचा घरून जाणारा खर्च जूनमध्येच वेगळा काढून ठेवता येतो का, हे पाहावे. कमी पडले तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, परंतु शिक्षण चालू असताना व्याज चढत राहते, म्हणून जेवढे लागेल तेवढेच उचलावे. तीन-साडेतीन लाखांच्या गरजेला कर्ज पुरते, जमीन लागत नाही.

कागदपत्रांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या खिडकीवर जागा गमावलेले जे पालक येतात त्यांतले बहुतेक गुणांनी हरलेले नसतात. जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरे जात पडताळणी समिती कागद तपासून देते. वैधता ठरलेल्या मुदतीत सादर झाली नाही तर राखीव जागा हातची जाते आणि अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या) प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नये. वैधतेच्या प्रकरणात आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा महसुली नोंद लागते. मराठवाड्यात ही जुनी कागदपत्रे निजामकाळातली, पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यांचे अधिकृत लिप्यंतर करून घ्यावे लागते. एका पालकाच्या पिशवीतून निघालेल्या तीन कागदांवर त्यांच्या वडिलांचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, ‘किशनराव’, ‘कृष्णा’ आणि नुसतेच ‘किसन’. माणूस एकच असल्याचे शपथपत्र आणि गावचा दाखला जोडेपर्यंत समितीने प्रकरण पुढे नेले नाही. आपण एसईबीसीतून अर्ज करणार असाल तर ही फाइल आजच उघडा. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटिअरच्या (निजामकाळातील जुन्या नोंदींच्या) आधारे कुणबी प्रमाणपत्रासाठी अर्ज केला असेल, तरी हातात वैधता येईपर्यंत त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर जागा निवडू नये.

एक अनुभव असा की सवलतीस पात्र मुलींकडूनही काही ठिकाणी ‘आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगून सगळी फी मागितली जाते. अशा वेळी वाद घालण्याऐवजी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवून आपली मागणी अर्जाद्वारे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच मागितली की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. महाडीबीटीचा अर्ज मात्र दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारे विद्यार्थी माझ्याकडे इतके येतात की त्याचे आता नवल वाटत नाही.

महाविद्यालयाच्या दर्जाविषयी माझे मत थोडक्यात देतो. पुण्याला काही अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. तिथे कंपन्या जवळ आहेत, इंटर्नशिप सोपी पडते आणि मुलगी मोठ्या शहरात चटकन धीट होते. पण हे पुण्याच्या पहिल्या फळीतील महाविद्यालयांना लागू आहे. शहराच्या बाहेर, कात्रज-नऱ्हे किंवा वाघोलीकडे, जी जागा कोट्यातून मागे लागून विकली जाते, तिला पुण्याचे नाव असते एवढेच. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यातली काही उत्तम निघाली आणि काही केवळ इमारती राहिल्या, हे संभाजीनगरालाही तितकेच लागू आहे. म्हणून संभाजीनगरच्या त्या महाविद्यालयात सत्र चालू असताना कामाच्या दिवशी दुपारी जाऊन या, कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत मुले बसलेली आहेत का ते पाहा, आणि माहितीपत्रक न वाचता तिसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना विचारा की गेल्या सत्रात किती विषयांना कायम प्राध्यापक होते.

टेक्स्टाइल की कॉम्प्युटर, हे मुलीनेच ठरवावे. एसजीजीएसचे वातावरण आणि सोबतचे विद्यार्थी चांगले असतात, ही जमेची बाजू मोठी आहे. परंतु जिला मनापासून कोडिंग करायचे आहे तिला नावाच्या ओढीने न आवडणाऱ्या शाखेत घालणे मला पटत नाही. ती द्विधा मनःस्थितीत असेल तर मी एसजीजीएसकडे झुकेन. तिचे कॉम्प्युटरचे ठरलेलेच असेल, तर संभाजीनगर कॅपमधून.

कॅपचा ऑप्शन फॉर्म (महाविद्यालय आणि शाखांचा पसंतीक्रम) भरताना वरच्या ओळीत एसजीजीएस आणि संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील तिच्या आवडीच्या शाखा लिहा; मिळण्याची शक्यता कमी असली तरी लिहायला पैसे पडत नाहीत. त्याखाली पाहून आलेली खासगी महाविद्यालये कॉम्प्युटरसाठी, आणि शेवटी टेक्स्टाइल. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो, त्यामुळे नको असलेले नाव भीतीपोटी वर घालू नका. पुण्याच्या मंडळींना आगाऊ रक्कम देऊ नका आणि मुलीची मूळ गुणपत्रिका तर मुळीच देऊ नका. संस्थास्तरावरील जागाही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्ता यादीनेच भराव्या लागतात, त्यामुळे ‘धरून ठेवलेली जागा’ असा काही प्रकार नियमात बसत नाही. कॅपची पहिली यादी लागेपर्यंत त्यांचा फोन आला, तर कळवतो म्हणून सांगा.