दोनच्या शोला पडदा काळा

प्रश्न : काका, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका छोट्या संग्रहालयात कंत्राटावर आहे. तिकीट फाडणं, झाडलोट आणि थिएटर, तिन्ही माझ्याकडेच. 50 खुर्च्या आहेत. कापसाचा, पऱ्हाटीपासून (झाडापासून) रुईच्या गाठीपर्यंतचा 14 मिनिटांचा माहितीपट दाखवतो. एप्रिल लागला की दोन ते चारच्या शोमध्ये टिनाच्या छताखाली टांगलेला प्रोजेक्टर मधेच आपोआप बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा चालू होतो. साहेबांनी त्याच्यासमोर उंच स्टँडवर कूलर लावून दिला. आता चित्रात पांढरे ठिपके दिसतात. शिवाय स्पीकरमधून सारखा ‘हूंऽऽ’ आवाज येतो. दुरुस्तीवाला म्हणतो, नवीन मशीन घ्या. घ्यावं का? (गावाचं नाव छापू नका.)

उत्तर : ताई, घेऊ नका. नवीन घेतलं तरी पुढच्या मे महिन्यात तेही असंच रुसेल. आणि तो कूलर आज संध्याकाळीच तिथून काढा.

मी उमेदीत टुरिंग टॉकीजवर होतो. वणीच्या जत्रेत तंबू पडला की आमचं मशीन मागच्या बाजूला लागायचं. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये उजेड पेटायचा आणि त्या दिव्याच्या पेटीला वर पत्र्याचं धुराडं असायचं. धूरही बाहेर, धगही बाहेर. तुमच्या प्रोजेक्टरला धुराडं नाही. त्याची 300-400 वॅटची धग तिथंच छताखाली साचते. बहुतेक मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की भोवतालची हवा 40 अंशांपर्यंत चालेल. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 44-45 असतं, वर टिन तापलेलं आणि गरम हवा तर वरच चढते. दहा रुपयांची सुतळी घ्या, साधा तापमापक मशीनशेजारी बांधा आणि दोन वाजता शिडीवर चढून बघा. मी एका ठिकाणी बांधला होता. खाली खुर्चीपाशी 36, वर मशीनपाशी 49. मशीन बिघडलेलं नाही ताई, जीव वाचवायला ते डोळे मिटून घेतं.

कूलर माणसाला बरा. पण त्याच्या हवेत ओल असते, बोअरचं पाणी क्षाराचं, आणि तुषार उडाले की मशीनच्या जाळीवर पांढरी पुटं बसतात. त्यात आपला कापूस! जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) जवळ असेल तर हिवाळाभर तंतू उडत असतात. एका मशीनची जाळी मी काढली, तर आत चक्क बारीक रुईची गादी जमलेली. कूलरची ओल लागून ती घट्ट थापली गेली होती. हवा जाणार कुठून? जाळी बंद मशीनवर, थंड झाल्यावर काढायची, बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झटकायची. पुस्तकात लिहिलं असेल तरच धुवायची. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मशीनमध्ये मारू नका, आतले पंखे भरधाव फिरून खराब होतात. मी जिनिंगच्या हंगामात आणि मे महिन्यात दर आठ दिवसांनी जाळी काढतो.

ठिपक्यांचं असं. पूर्ण काळं चित्र लावा. टोकदार, सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके एकाच जागी चिकटून असतील आणि मशीन आरशांच्या चिपचं (डीएलपी) असेल, तर त्यातले बारीक आरसे अडकलेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आरसा. तो झाडून जात नाही, चिप बदलावी लागते, आणि उष्णतेनं ते लवकर वाढतात. आणि ठिपका कापसाच्या पुंजक्यासारखा अस्पष्ट असेल, फोकस हलवल्यावर आकार धरत असेल, तर ती धूळ आहे, जाणकाराकडून साफ होईल. हे बघितल्याशिवाय दुरुस्तीवाल्याला हो म्हणू नका.

धग बाहेर काढायला छताजवळ एक्झॉस्ट पंखा लावा. जमल्यास मशीन पाइपवर फूट-दीड फूट खाली घ्या. चित्र वाकडं झालं तर रिमोटनं सरळ करण्यापेक्षा लेन्स हलवता येते का बघा, रिमोटनं सरळ केलेलं चित्र बारीकसारीक तपशील खातं. दिवा ‘इको’वर, म्हणजे कमी उजेडावर ठेवा. शाळांच्या सहली सकाळच्या पाळीत बोलवा, मुलांनाही बरं.

आता लाईनचं. शो संपला की भिंतीचं बटण लगेच दाबू नका. रिमोटनं बंद करा, मशीनच्या आतला पंखा एक-दोन मिनिटं फिरू द्या, मग बटण. लाईन गेली तर पंखाही जातो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, म्हणून फक्त प्रोजेक्टरपुरता 1 केव्हीएचा ऑनलाइन (लाईन गेली तरी खंड न पडू देणारा) यूपीएस घ्या. कूलर, अँप्लिफायर त्यावर अजिबात नको. घरचा इन्व्हर्टर या कामाचा नाही. लाईनवरून बॅटरीवर जाताना तो क्षणभर थांबतो, तेवढ्यात दिवा विझू शकतो आणि तापलेला पाऱ्याचा दिवा थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही. शोच्या मधे हे झालं तर 50 पोरांना काय सांगाल?

‘हूंऽऽ’ आवाजासाठी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या घोळाचा आहे. लॅपटॉप, अँप्लिफायर आणि प्रोजेक्टरचा यूपीएस, सगळं एकाच बोर्डावर घ्या. काही वायरमन यासाठी अर्थची पिन मोडून देतात. मोडू देऊ नका, त्यानं आवाज नाही, माणूस जाईल. अर्थिंगचा खड्डाही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी झाली की करंट जमिनीत नीट उतरत नाही. उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाका.

लॅपटॉपऐवजी पेन ड्राइव्हवर चालणारा छोटा प्लेअर लावलात तर अपडेटची खिडकी शोच्या मधे उघडणार नाही.

प्रश्न : आमच्या गोंदियाकडच्या हॉलमध्ये मागच्या ओळीला निवेदन कळत नाही. मोठे स्पीकर घेऊ का? टिनाचं छत, बोडक्या भिंती.

उत्तर : घेऊ नका, मोठ्यानं ओरडून प्रतिध्वनी वाढेल. आवाज एका सेकंदाच्या दहाव्या भागात 34-35 मीटर जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. मागच्या भिंतीला जाड गोधड्या, सतरंज्या टांगा, आवाज कमी करा आणि दोन छोटे स्पीकर मधल्या ओळींच्या बाजूला आणा. गोधड्या गावातून मागितल्या तर मिळतील, फक्त उंदरांचं बघा.