नापोलीत (इटलीतलं नेपल्स) पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन फिरणार असशील तर

अरे, आधी ती मोठी झूम लेन्स हॉटेलवरच ठेव. क्वार्तिएरी स्पान्योली या जुन्या वस्तीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे २८ नाहीतर ३५ एमएमची रुंद लेन्सच कामाची. ऊन खाली जेमतेम दुपारी उतरतं, बाकी वेळ वर वाळत घातलेल्या चादरी लख्ख आणि खाली गडद सावली, मग कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर पार गंडतं. मी आयएसओ १६००, शटर १/२५०, एफ ८ आणि फोकस अडीच मीटरवर ठेवून देतो, म्हणजे सेटिंग बघत बसायला नको, डोकं फक्त माणसांकडे.

आणि पळू नकोस रे, एका जागी थांब. मी एकदा एका किराणा दुकानासमोर वीसेक मिनिटं नुसता उभा होतो, तर चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली आली (पानारो म्हणतात तिला), दुकानदाराने पाव ठेवला, वरून आजीबाई दोन्ही हातांनी ओढतायत आणि टोपली गोल गोल फिरत वर चाललीय. तो फोटो अजून माझा सगळ्यात लाडका आहे.

बास्सो म्हणजे तळमजल्याची एका खोलीची घरं, दार थेट रस्त्यावर. आत कॅमेरा अजिबात वळवायचा नाही, कुणाचं तरी घर आहे ते! नजरानजर झाली की कॅमेरा खाली करून "पोस्सो?" (म्हणजे "काढू का?") विचार, नाही म्हणाले तर हसून पुढे हो.

मॅराडोनाच्या १९९० च्या भित्तिचित्रापाशी भिंतीकडे पाठ कर, बघणाऱ्यांचे चेहरे टिप. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र आडवाच घाल, स्कूटर अगदी कोपराला घासून जातात.