अर्ज भरलास, आता घरी सांग

पत्र:

मावशी, मी एकोणचाळीस वर्षांची. माहेर बाबाजीपुऱ्यातलं, सासरचे मूळचे नाशिकचे, पण संसार इथेच, बडोद्यात. शाळा गुजराती माध्यमाची, पुढे बी.कॉम. एका सी.ए.कडे अर्धा दिवस हिशेबाचं काम करते. भाषांचं वेड लहानपणापासून आहे, पण त्याला कधी वाट मिळाली नाही. गेल्या महिन्यात भाषाविज्ञान आणि तुलनात्मक साहित्य या विषयांच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला अर्ज भरला. वर्ग ऑनलाइन, संध्याकाळचे. फी 28,000 रुपये, ती माझी एफडी मोडून भरली. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. पूर्वी एकदा विषय काढला होता, तेव्हा हे म्हणाले, "याचा उपयोग काय?" मुलगा दहावीत आहे. शिवाय पुण्याला नणंदेकडे मुंजीत मी कुणाला तरी "बारी बंद कर ने" (खिडकी बंद कर ना) म्हटलं आणि सगळे हसले. नणंद म्हणाली, "वहिनीच्या मराठीला फाफड्याचा वास येतो." तेव्हापासून वाटतं, एकदा रीतसर शिकून दाखवावंच. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, इथलं कशाला करतेस, तिथल्या विद्यापीठाचं ऑनलाइन ग्रॅज्युएट सर्टिफिकेट कर. मी काय करू?
– बारीवाली, बडोदा

उत्तर:

बारीवाली, तू विचारलंस अभ्यासक्रमाबद्दल, पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात आधी खुपली ती एफडी. पैसे तुझे आहेत, मोडायचा हक्क तुझा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोन-अडीच खोल्यांच्या घरात वर्षभर संध्याकाळचे वर्ग तू लपवणार कशी? हेडफोन लावून स्वयंपाकघरात? महिन्याभरात उघडकीला येईल आणि मग भांडण भाषाविज्ञानावरून होणार नाही, लपवण्यावरून होईल. त्या भांडणात तुझी बाजू लंगडी असेल. तेव्हा पहिला वर्ग सुरू व्हायच्या आत नवऱ्याला सांग. परवानगी मागू नकोस, माहिती दे. "मी अर्ज भरलाय, पैसे माझ्या एफडीतले आहेत, आठवड्यातल्या अमुक संध्याकाळी मी दोन तास मोकळी नसेन." एवढंच. माफीने सुरुवात केलीस तर शेवटपर्यंत माफीच मागत बसशील.

आता त्याचा प्रश्न. "उपयोग काय" असं विचारणारा माणूस लगेच खलनायक ठरत नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नाहीतर कोयलीच्या रिफायनरीत ज्या गावातल्या निम्म्या घरांची चूल पेटते, तिथे शिक्षण म्हणजे नोकरी हे गणित पक्कं बसलेलं असतं. तू त्याला खरं उत्तर दे. खरं उत्तर असं की या प्रमाणपत्राने तू प्राध्यापक होणार नाहीस. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. लागतं, तेही सर्वसाधारण गटात 55 टक्क्यांनी, आणि वर नेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. भाषाविज्ञान आणि तुलनात्मक साहित्य हे दोन्ही नेटचे स्वतंत्र विषय आहेत, पण एक वर्षाचं प्रमाणपत्र त्या परीक्षेच्या दारापर्यंतही नेत नाही. उद्या तुला खरंच त्या वाटेने जायचं वाटलं, तर हे वर्ष म्हणजे पाण्याचा अंदाज घेणं. एम.ए.ची दोन वर्षं घालण्याआधी आपल्याला हा विषय झेपतो का, आवडतो का, हे 28,000त कळलं तर महाग नाही.

कमाई अजिबात होणार नाही असंही नाही. मराठी आणि गुजराती दोन्ही आतून येणारी, वर बॅलन्स शीट वाचता येणारी बाई भाषांतराच्या बाजारात सहज सापडत नाही. बँकांची माहितीपत्रकं, विम्याचे कागद, सरकारी योजनांचे अर्ज ही कामं शब्दाच्या दराने मिळतात. 2022 साली केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प सुरू झाल्यापासून भारतीय भाषांमधल्या यांत्रिक भाषांतराचा बोलबालाही वाढलाय, आणि यंत्राने केलेलं तपासायला माणूस लागतोच. पण यावर घर चालत नाही, हातखर्च चालतो. नवऱ्याला हे याच शब्दांत सांग. फुगवून सांगितलंस तर वर्षाने तो हिशेब मागेल, आणि हिशेब तुझाच धंदा आहे.

भावाचं म्हणणं मी एका परिच्छेदात निकालात काढते. अमेरिकेत ज्याला ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणतात ते पदवीनंतरचं शिक्षण असतं, साधारण चार ते सहा विषयांचं, बारा ते अठरा क्रेडिटचं. बरेचदा तिथे एम.ए. किंवा पीएच.डी. करणारी मुलं जोडीला एक जास्तीचा विषय म्हणून ते घेतात. त्यांच्या पुढच्या पदवीत त्यातले क्रेडिट कधी कधी धरलेही जातात. तुला तिथली पदवी घ्यायची नाही, तिथे नोकरी करायची नाही, मग डॉलरमध्ये फी कशासाठी? नावासाठी? दांडिया बाजारात ते नाव कुणाला कळणार आहे? त्यापेक्षा तू जिथे पैसे भरलेस ते विद्यापीठ यूजीसीची मान्यता असलेलं आहे का, आणि ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची त्याला परवानगी आहे का, हे आज रात्री बघून घे. खरं तर पैसे भरायच्या आधी बघायचं असतं.

आता नणंद. इथे मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण तू चुकीच्या अपेक्षेने वर्गात बसणार आहेस असं मला वाटतं. तुला वाटतंय की भाषाविज्ञान शिकलीस की तुझ्या मराठीवर कुणीतरी "शुद्ध" असा शिक्का मारून देईल आणि तो तू पुढच्या मुंजीत दाखवशील. तसलं काही होणार नाही. त्या वर्गात पहिल्याच काही दिवसांत शुद्ध-अशुद्धचा तराजू काढून घेतात. कोण बरोबर बोलतं हा त्या शास्त्राचा प्रश्नच नाही. कोण कसं बोलतं आणि तसं का बोलतं, एवढंच ते विचारतं. पुण्याचं मराठी प्रमाण का झालं याची कारणं तिथे मिळतील. त्यात छापखाने येतील, शाळा येतील, सत्ता येईल. त्या भाषेच्या अंगच्या गुणांचा संबंध फार कमी.

आणि दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या की काय होतं, याचा जगभर शिकवला जाणारा नमुना आपल्याच सांगली जिल्ह्यातला आहे. कुपवाड नावाचं गाव. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी 1971 साली प्रसिद्ध केला. शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले होते, पण वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होतं. आता आपल्या बडोद्याकडे बघ. गायकवाडांबरोबर मराठी इथे आली ती अठराव्या शतकात. इतकी वर्षं घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती. तुझ्या त्या "ने"चा आणि "बारी"चा कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा, आणि तो पुण्याहून येऊन कुणी करणार नाही.

अजून एक सांगते, तुला गंमत वाटेल. गुजरातीत "बार" म्हणजे बारा आणि "बहार" म्हणजे बाहेर. बोलताना दुसऱ्या शब्दातला "ह" वेगळा उच्चारत नाहीत, तो स्वरातच मुरतो आणि स्वर श्वासाळ, म्हणजे श्वास मिसळलेला, होतो. हे श्वासाळ स्वर ध्वनिविज्ञानाच्या पुस्तकांत गुजरातीचं उदाहरण देऊनच शिकवतात, इतके ते प्रसिद्ध आहेत. आणि मराठीत "चार"मधला च वेगळा, "चाक"मधला वेगळा, हा फरक गुजरातीत नाही. तू दोन्ही न अडखळता करतेस. तुझ्या नणंदेला पहिला फरक बहुधा ऐकूही येणार नाही. हे तिला सांगायला जाऊ नकोस हं, मुंजी-लग्नांत असली भाषणं कुणी ऐकत नाही. तिने पुन्हा टोमणा मारला तर हस आणि तिलाच बारी उघडायला सांग.

पण इशारा देऊन ठेवते. कवितेच्या ओढीने भाषाविज्ञानाकडे आलेली माणसं पहिल्या सत्रातच घाबरतात. तिथे कविता नसते. ध्वनिलिपीची चिन्हं असतात, वाक्याचे फांद्या फुटलेले आराखडे असतात, प्रत्यय सोडवून मांडलेले तक्ते असतात. तू बी.कॉम. आहेस याचा मला इथे दिलासा वाटतो. ताळेबंद जुळेपर्यंत न उठणाऱ्या बाईला वाक्यविचार जमतो.

तुलनात्मक साहित्याची गत उलटी. ते सोपं वाटतं आणि फसवतं. "दोन कवींमधली पाच साम्यं लिहा" असली तुलना आपण शाळेत केली, ती इथे चालत नाही. या दोघांना शेजारी ठेवलं तर असं काय दिसतं, जे एकेकट्याला वाचून दिसलं नसतं, हे सांगावं लागतं. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठात 1956 साली बुद्धदेव बसूंनी या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला, तेव्हापासून आपल्याकडे हे रीतसर शिकवलं जातं. पण बडोद्याला ते कोलकात्याकडून शिकायची फारशी गरज नव्हती. प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून बघूनच. सयाजीराव महाराजांची साहित्यमाला मराठी आणि गुजराती दोन्हींत निघत होती. काका कालेलकर जन्माने साताऱ्याचे, आणि गांधीजींनी त्यांना "सवाई गुजराती" म्हटलं. 1965 साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती पुस्तकाला. गणेश देवींनी 1996 साली भाषा ही संस्था काढली ती याच गावात, आणि पुढे त्यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात 780 भाषांची नोंद झाली. इथे दोन भाषांत राहणं म्हणजे काही कमीपणा आहे, हे बडोदेकराला बडोद्याबाहेर गेल्यावरच कळतं.

वर्षाअखेरी प्रकल्प द्यावा लागेल, त्याचं आत्तापासून डोक्यात घोळू दे. मला विचारशील तर नळ-दमयंती घे. मूळ गोष्ट महाभारतातली. सतराव्या शतकात आपल्या बडोद्याच्या प्रेमानंदाने तिचं गुजरातीत आख्यान केलं, आणि मराठीत रघुनाथ पंडिताने तीच घेतली. प्रेमानंद माणभट्ट. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणीवर, म्हणजे मोठ्या घड्यावर, ताल धरायचा आणि लोकांच्या घोळक्यापुढे गायचं. त्यामुळे त्याच्या आख्यानात रोजचं घर येतं, रुसवेफुगवे येतात, समोरच्याला हसवायची आणि रडवायची घाई असते. रघुनाथ पंडिताची वाट अक्षरवृत्तांची, संस्कृत काव्यं मुरलेल्या रसिकाची. त्याचा हंस तर शाळेत तुझ्या आईनेसुद्धा पाठ केला असेल. ऐकणारा बदलला की दमयंती कशी बदलते, एवढा एक प्रश्न धरलास तरी वर्ष पुरणार नाही. आणि दोन्ही मुळातून वाचू शकणारी मुलगी त्या वर्गात बहुतेक तू एकटीच असशील. पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. महाराजांनी 1910 साली सुरू केलेली, आणि अजूनही आपण तिचा पुरेसा उपयोग करत नाही.

मुलाच्या दहावीचं विचारलंस. त्याला वेळेवर जेवण आणि घरात शांतता हवी. आई डोक्यावर बसलेली त्याला नको आहे, विचारून बघ. तूही त्याच टेबलावर वही उघडून बसलीस तर दोघांच्या हातातले फोन आपोआप कमी होतील.

नळ-दमयंती नको वाटली आणि बडोद्याचं मराठीच प्रकल्पाला घ्यावंसं वाटलं, तर तेही उत्तम. दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ इथल्या आज्या गाठ. फक्त दोन गोष्टी पाळ. आवाज टिपायच्या आधी परवानगी घे, आणि कशासाठी टिपतेस ते नीट सांग. दुसरं म्हणजे, फोन समोर ठेवला की आपल्या बायका एकदम आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागतात. त्यांना अडवू नकोस. चहा होऊ दे, सुनेचा विषय निघू दे. पहिला अर्धा तास सरळ टाकून द्यायचा, त्यानंतरचं लिहून घ्यायचं.