पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं एका बाजूने चपटं आहे. हेल्मेट घालावं का?

नका घालू. निदान मान तपासून घेतल्याशिवाय तरी नको.

पाचव्या महिन्यात जावळ काढलं तेव्हा आमच्या घरात हेच रामायण झालं. भावाच्या मांडीवर पोरगं किंचाळतंय, वस्तरा फिरतोय आणि वन्सं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "अगं, ह्याचं डोकं एका बाजूनं बसलंय की! दिवसभर नुसता झोपवून ठेवतेस काय?" केसांमुळे मलाही तोवर दिसलं नव्हतं. वरून बघितलं तर उजवा कान डाव्यापेक्षा अर्धं पेर पुढे. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी मोहरीची उशी शिवली. वन्संच्या यजमानांनी पुण्यात हेल्मेटची चौकशी केली. दिवसाचे २३ तास घालायचं, तेही काही महिने! सांगलीचा एप्रिल, दुपारी टोपडंसुद्धा भिजायचं त्याचं.

डोस देणाऱ्या डॉक्टरांनी "होईल गोल" म्हणून वाटेला लावलं होतं. मग मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खुळखुळा उजवीकडून डावीकडे नेला. डोळे गेले, हनुवटी मधेच अडली. म्हणाले, "डोकं नंतर बघू, मान आखडलीय." म्हणजे पोरगं उजव्याच बाजूवर पडून राहायचं, तिकडेच खिडकी. मानेचे व्यायाम दिले, जागं असताना पालथं घालायला सांगितलं आणि पाळण्यात उशाची बाजू बदला म्हणाले.

इथे खरी लढाई. बाजू बदलली की डोकं उत्तरेला! "उत्तरेला डोकं करून झोपवतात का कुणी?" सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मी बदललं ते बदललंच. मोहरीची उशीही काढली, कारण झोपलेल्या बाळाला उशीच नको, श्वास कोंडू शकतो. "पालथंच झोपव मग," हेही ऐकलं. नाही, झोपवायचं उताणंच. अमेरिकेत १९९४ ला तशी मोहीम निघाली, झोपेत दगावणारी बाळं निम्म्यावर आली. चपटी डोकी वाढली, पण तो सौदा परवडला.

हेल्मेटचं म्हणाल तर नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१४ ला आला. मध्यम ते बऱ्यापैकी चपटी डोकी असलेली ८४ बाळं. अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखंच, पूर्ण बरी झालेली साधारण चौथा हिस्सा. मी वन्संना हे पाठवलं होतं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता एक सांगायचं राहिलं. त्या अभ्यासात आखडलेल्या मानेची किंवा फारच वाकडं डोकं असलेली बाळं नव्हती, म्हणजे तो आमच्या पोराला तंतोतंत लागू नव्हता. (हे वन्संना सांगितलं नाही.) तुमच्या बाळाचा चेहराही वाकडा दिसत असेल आणि महिना-दीड महिना व्यायाम करून फरक नसेल, तर हेल्मेटचं विचारा, पण लवकर, बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि कवटीची शिवण, म्हणजे हाडांमधला सांधा, वेळेआधीच जुळली असेल तर ते प्रकरणच वेगळं, तिथे सर्जन लागतो. त्या शिवणीवर कड उंच लागते का, ते डॉक्टरांना बघायला सांगा.

आमचा आता सहा वर्षांचा आहे. डोकं पूर्ण गोल झालं का? नाही. न्हावी न सांगता उजवीकडे मागे केस जरा जास्त ठेवतो. वन्सं दर दिवाळीला तिथेच हात फिरवून बघतात.